पाणी फेकणारी बोट

१९६६ च्या जूनमध्ये जिल्हा परिषदेनं मला धामणबरडच्या शाळेवर पाठवलं. मी मेहकरचा, वय तेवीस, पहिलीच नोकरी. आदेशात गावाचं नाव होतं, तालुका मोताळा होता, पगार होता. गावाच्या चारी बाजूंना पाणी असतं हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

जूनमध्ये ते दिसलंही नाही. एका चिंचोळ्या मातीच्या पट्टीवरून बैलगाडीनं मी बरडावर, म्हणजे गावाच्या मुरमाड उंचवट्यावर आलो. दोन्ही अंगांना धरणाचं पाणी होतं, पण लांब, तळाशी. ऑगस्ट संपता संपता ती पट्टी पाण्याखाली गेली आणि पुन्हा उघडी पडली ती फेब्रुवारीत. मधले सहा महिने आम्ही बेटावर होतो.

धरण भरलं त्याला तेव्हा वर्षच झालं होतं. जुनं धामणबरड खाली नदीकाठी होतं, ते बुडालं. सरकारनं पलीकडच्या काठावर, मोताळ्याच्या रस्त्याला, नवं गाव वसवलं, तिथं लोकांना प्लॉट दिले. बरडावरची बारा घरं तेवढी राहिली, कारण सर्वेच्या दगडांच्या वर, चार हात उंचावर, ती होती. कायद्यानं ती बुडत नव्हती, म्हणून कोणी उठवलं नाही. त्या बारा घरांतलं सगळ्यात मोठं घर पंजाबरावांचं. मला राहायला त्यांनी ओसरीवरची खोली दिली, जेवण त्यांच्याच घरी. त्यामुळं पुढं जे झालं ते मी जवळून पाहिलं, आणि थोडं माझ्या हातूनही झालं.

ही गोष्ट मात्र पंजाबरावांच्या बायकोची आहे. तिचं नाव सत्यभामाबाई.

त्या देऊळगाव राजाच्या. बालाजीच्या देवळामागं त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. दिवसातून चार वेळा जालन्याची मोटार दारावरून जायची अशा घरात त्या वाढलेल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यात ‘मले’, ‘तुले’ आलं नव्हतं. बरडावरच्या बाया त्यांना ‘मराठवाड्याच्या’ म्हणत, त्यावर सत्यभामाबाई हसत. उंच होत्या, भराभर चालायच्या. बरडावर भराभर चालून जायला जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा मैल, मग पाणी. संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी त्या उत्तरेच्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या. समोर नवं गाव दिसायचं, घरांवरचे नवे पत्रे चमकायचे, सकाळी वारा तिकडून असला तर शाळेची घंटाही ऐकू यायची.

ती घंटा त्यांच्या मनाला लागत असे. माझी शाळा चौथीपर्यंतच. त्यांची थोरली मुलगी अनसूया मी आलो त्याच वर्षी चौथी पास होऊन बसली होती. वय दहा, अक्षर मोत्यासारखं, पाढे तिसापर्यंत तोंडपाठ. पाचवी पलीकडच्या गावात. पलीकडच्या गावात पंजाबरावांचे सख्खे थोरले भाऊ हिंमतरावही राहत होते. मुलीला तिथं ठेवलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण दोघा भावांचं बोलणं बंद होतं. हिंमतरावांनी प्लॉट घेतला, पंजाबराव वर राहिले, एवढंच कारण मला तेव्हा ठाऊक होतं. अनसूया काकाच्या घरी राहणार नाही, हे पंजाबरावांनी एकदा सांगितलं आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

“बोट आली की रोज जाईन पोरगी शाळेत,” ते म्हणायचे. “पंधरा मिनिटं लागतीन.”

येण्याजाण्याला होता तो कडूबा भोयाचा डोंगा. आत तीन माणसं, चौथा कडूबा. आठवड्यातून एकदा, मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी तो फेरी करायचा, तीही वारा नसेल तर. पाणी वरून सपाट दिसायचं, पण खाली सगळं जुनं रान उभं होतं. बाभळी, निंब, शेतांच्या तारा, विहिरींची मोटवणं. कडूबा बांबूनं चाचपत चाचपत जायचा, पलीकडं पोचायला दीड तास. मुलीला रोज त्यातून पाठवणं कुणालाही शक्य नव्हतं.

तर बोट. पंजाबरावांच्या डोक्यात ती कशी शिरली ते मला माहीत आहे. मोताळ्याच्या एका वकिलांकडं त्यांनी एक इंग्रजी चित्रांचं मासिक पाहिलं होतं आणि वकिलांना विचारून त्यातलं पान फाडून आणलं होतं. ते पान त्यांनी मला पहिल्याच महिन्यात दाखवलं. एक पांढरी छोटी बोट पाण्यावर उडाल्यासारखी निघालेली, आत नवरा, बायको, दोन पोरं. बायकोच्या डोक्याला रुमाल, सगळे हसतायत. मागं दोरी धरून एक मुलगा पाटावर उभा राहून पाण्यावरून घसरत येतोय.

“काय लिवलंय वाचून सांगा बरं, मास्तर.”

मी शब्दकोश घेऊन बसलो. साऱ्या घरानं पाण्यावर मौज करावी म्हणून ही जेट बोट केली आहे असं त्यात होतं. इतर मोटारबोटींना मागं पंखा असतो, तो पाण्यात फिरतो आणि खडक, झाड काही लागलं की तुटतो. हिला बाहेर पंखा नाही. पोटातला पंप खालच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागच्या तोंडानं जोरात फेकतो, त्या धक्क्यानं बोट पुढं जाते. वीतभर पाण्यातही चालते.

पंजाबरावांना ते लगेच कळलं. त्यांच्या विहिरीवर इंजिन होतं, पंप म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. आमच्या पाण्यात बाभळीची खोडं, म्हणून पंखा चालणार नाही, म्हणून हीच बोट. विचार बरोबर होता. आजही मला तो बरोबरच वाटतो.

मग निवड सुरू झाली, ती दोन वर्षं चालली.

मुंबईच्या कंपन्यांना मी पत्रं लिहायचो. मोताळ्याच्या टपालात टाकायला पत्र कडूबाबरोबर जायचं, उत्तर महिन्यानं यायचं. परदेशी नवी बोट आणायला सरकारचा परवाना हवा, आणि परवाना असला तरी तिच्या किमतीत ट्रॅक्टर येऊन वर जमीन आली असती. पंखेवाली लाकडी बोट स्वस्त होती, ती पंजाबरावांनी बाजूला सारली. एका कंपनीनं नुसती वल्ह्यांची, सहा माणसांची, मजबूत बोट सुचवली. रेल्वेनं मलकापूरपर्यंत पोच. तिची किंमत एका बैलजोडीएवढी. त्या दिवशी सत्यभामाबाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ही काय वाईट आहे? दोघं गडी लावले तर पाऊण तासात पलीकडं जाईल.”

पंजाबराव म्हणाले, वल्हं मारायला काय आपण भोई आहो. आणि ते पत्र घडी करून खिशात टाकलं.

मोताळ्याला इंद्रभान नावाचा इंजिनं दुरुस्त करणारा होता. त्यानं सांगितलं, पत्र्याची बोट करून देतो, आत विहिरीचा पंप बसवतो. त्यावर दोन महिने गेले. शेवटी हिशेबात असं निघालं की ते इंजिन ठेवलं तर माणसं बसायला जागाच उरत नाही. मग पुन्हा पत्रं. दुसरा पावसाळा आला आणि गेला. पट्टी बुडाली, पट्टी निघाली. अनसूया घरात भाकरी थापायला शिकली. रात्री माझ्याकडून पाचवीचं पुस्तक मागून न्यायची, सकाळी परत आणून द्यायची. परीक्षा कुठं द्यायची हा प्रश्न तिनं एकदा विचारला, मी तिला पुढचा धडा काढून दिला.

खरं सांगायचं तर मला त्या पत्रांत रस वाटू लागला होता. त्या बेटावर सात वाजता दिवे लागले की करायला काही नसे. टपालानं रंगीत कागद आले की पंजाबराव आणि मी कंदिलाजवळ बसायचो. या बोटीची लांबी, त्या बोटीचं इंजिन, ही किती तेल खाईल. एक निवड झाली की दुसऱ्या दिवशी तिच्यात काहीतरी खोट निघायची. कधीतरी मला वाटायचं की या माणसाला बोट नकोच आहे, बोट येणार आहे एवढंच हवं आहे. पण मी गप्प बसलो. बोट आली असती तर आमच्या संध्याकाळी संपल्या असत्या.

१९६८ च्या मे महिन्यात खबर आली. नगरकडच्या एका धरणावर काम करणारा गोरा इंजिनिअर मायदेशी निघाला होता, त्याच्याकडं जेट बोट होती, बारा फुटी, जवळजवळ चित्रातल्यासारखी. सोबत नेणं त्याला परवडत नव्हतं, मिळेल त्या किमतीला देऊन टाकायची होती. पंजाबराव आणि मी गेलो. शेडमध्ये ताडपत्रीखाली बोट होती. पंजाबरावांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्या अंगावरून हात फिरवला. बॅटरी उतरलेली होती, त्यामुळं पाण्यावर चालवून पाहता आली नाही. साहेबाच्या नोकरानं इंग्रजी माहितीपुस्तक माझ्या हातात दिलं. बुडालेल्या जमिनीचा मोबदला बँकेत पडून होता, त्यातून व्यवहार झाला.

घरी आलो तेव्हा सत्यभामाबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. “पाण्यात चालवून बघितली का? वल्ही आहेत का तिला?”

पंजाबराव हसले. मोटारीले कोणी बैल जुंपते का, म्हणाले.

बोट रेल्वेनं मलकापूरला आणि तिथून दोन बैलगाड्या एकीला एक बांधून बरडावर आली. इंद्रभान येऊन पंधरा दिवस राहिला. पाऊस संपून पाणी निवळ झाल्यावर, ऑक्टोबरात, त्यानं आणि पंजाबरावांनी काठाकाठानं दोन फेऱ्या मारल्या. सगळं बरड काठावर जमलं होतं. बोट खरोखर उडत होती. इंद्रभान गेला आणि पुढच्या रविवारी पंजाबरावांनी घरच्यांना न्यायचं ठरवलं. आधी जुन्या गावावरून फेरी, मग पलीकडच्या काठाला अनसूयेला शाळा लांबून दाखवायची आणि सोमवारपासून तिला रोज सोडायचं.

आम्ही पाच जण बसलो. पंजाबराव, सत्यभामाबाई, अनसूया, सात वर्षांचा दिगंबर आणि मी, कारण इंग्रजी पुस्तक मला वाचता येत होतं. सकाळचे नऊ वाजले होते. सत्यभामाबाईंनी निळं लुगडं नेसलं होतं आणि पदर डोक्यावरून घट्ट खोचला होता. पंजाबरावांनी वेग वाढवला तेव्हा तो पदर उडाला आणि त्या हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना तोंड उघडून हसताना पहिल्यांदा पाहिलं. दिगंबर ओरडत होता, अनसूया पाण्यात हात घालून बसली होती. बरड मागं पडत गेलं, लहान झालं. दहा मिनिटं तसं चाललं असेल. ती दहा मिनिटं पंजाबरावांना हवी होती तशीच झाली, हे मी मान्य करतो.

जुन्या गावाच्या वर आल्यावर त्यांनी वेग कमी केला. इथं चावडी, इथं आपली विहीर, असं ते बोटानं दाखवत होते. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला, दातांखाली खडा यावा तसा. मग घरघर, धूर, आणि बंद. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग बॅटरीही गेली.

वारा पश्चिमेचा होता. त्यानं आम्हाला हळूहळू ढकलत बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत नेलं. वाळलेल्या काटेरी फांद्या पाण्याच्या वर हातभर आलेल्या होत्या, त्यांच्या दोन खोडांमध्ये बोट जाऊन रुतली. हलवायला काही नव्हतं. हातानं पाणी मारलं, हात सोलून निघाले.

बरड तिथून अर्धा मैल. आमचं घर दिसत होतं, दोरीवर वाळत घातलेलं धोतर दिसत होतं. काठावर चार माणसं उभी होती. आम्ही उभे राहून हात हलवले. त्यांनीही हात हलवले. आम्ही आणखी जोरात हलवले, त्यांनीही. आमची मौज चालली आहे असं त्यांना वाटलं. थोड्या वेळानं ते आपापल्या कामाला गेले.

पंजाबराव पाण्यात उतरले. पोहण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. बुडी मारून त्यांनी बोटीखालच्या जाळीतून मुठी मुठी शेवाळ काढलं. तिसऱ्या बुडीनंतर वर आले ते मांडीतून रक्त येत होतं. खाली कुठल्यातरी शेताच्या काटेरी तारा होत्या, त्यातलीच एक तुटकी तार शेवाळाबरोबर ओढली जाऊन पंपात गुंडाळली होती. ती हातानं निघणार नव्हती. ते पोहत बरड गाठतो म्हणाले. सत्यभामाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. “खाली तारा आहेत. तुम्ही जाणार नाही,” त्या म्हणाल्या आणि पदराची पट्टी फाडून मांडी बांधली.

मग आम्ही बसून राहिलो. ऑक्टोबरचं ऊन, वर छप्पर नाही, पाच माणसं आणि पाय पसरायला जागा नाही. पाणी पाहिजे तेवढं होतं, तेच ओंजळीनं प्यालो. दुपारी दिगंबर भुकेनं रडून झोपला. अनसूयेला आडोसा हवा होता आणि तो कुठंच नव्हता. मी आणि पंजाबराव तोंड फिरवून बसलो आणि तिच्या आईनं लुगड्याचा पदर धरला. तेरा वर्षांची मुलगी होत आली होती ती. नंतर ती कुणाकडं बघेना. त्या छोट्या बोटीत आम्ही एकमेकांपासून लपू शकत नव्हतो, आणि कोणी काही बोललं तर ते सगळ्यांनाच ऐकावं लागणार होतं. 

दोन वाजले असतील. सत्यभामाबाई नवऱ्याला म्हणाल्या, “पोरीचं हे तिसरं वर्ष आहे.”

पंजाबराव इंजिनाकडं बघत होते.  मग ते बोलले, आवाज अगदी खाली.

“पाणी चढू राह्यलं होतं त्या दिवशी दादा दोन गाड्या घेऊन आला होता. गुडघाभर पाण्यातून. तुमचं सामान टाका म्हणे, माह्या प्लॉटात दोघांचं घर बांधू. मी दार लावून घेतलं. तो बाहेर उभा राह्यला, लई वेळ उभा राह्यला. तुम्ही माजघरात होत्या, तुमाले मी सांगतलं नाही. मंग कोन्या तोंडानं जाऊ तिकडं? मले वाटलं, पाण्याचीच मौज केली तर कोनी म्हननार नाही का पंजाबराव चुकला.”

 सत्यभामाबाईंचा चेहरा मी पाहिला नाही, मी माहितीपुस्तकाकडं बघत होतो. त्यांनी विचारलं ते एवढंच, की भाऊजी किती वेळ उभे होते. पंजाबराव म्हणाले, दिवा लागेपर्यंत.

चारच्या सुमारास कडूबा जाळी टाकायला त्या अंगाला आला आणि आम्ही सापडलो. त्याच्या डोंग्यात तीन माणसं मावणार, म्हणजे दोन खेपा. बायको आणि पोरं आधी, हे न बोलता ठरलं. सत्यभामाबाईंनी झोपलेल्या दिगंबरला उचलून डोंग्यात ठेवलं, अनसूयेला बसवलं, स्वतः बसल्या. कडूबानं बांबू रोवून डोंगा बरडाकडं वळवला.

“कडूबा भाऊ, त्या अंगाला घ्या,” सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी नव्या गावाकडं हात केला होता.

कडूबानं बांबू थांबवला. तो पंजाबरावांकडं बघू लागला. साऱ्या बरडाचा माणूस, पंजाबरावांच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता.

“अंधार पडाच्या आत मले परत येता येनार नाही, वहिनी. मंग हे दोघं?”

“आधी यांना घरी सोडा म्हणता? मग आम्ही इथं थांबतो.” आणि त्या उठू लागल्या.

पंजाबरावांनी हात वर केला. ‘बसा’ एवढंच त्या हाताचं सांगणं होतं. मग कडूबाला म्हणाले, “हिंमतरावाच्या घरापर्यंत सोड. दारापर्यंत सोड. माह्यं नाव सांगजो.”

डोंगा निघाला. बाभळींतून बाहेर पडेपर्यंत सत्यभामाबाई मागं वळून बघत होत्या, मग त्यांनी तोंड फिरवलं.

आम्ही दोघं राहिलो. उजेड उतरायला लागला, बगळे येऊन आमच्या डोक्यावरच्या फांद्यांवर बसले. पंजाबरावांनी मला विचारलं की जाळीत तार अडकते असं त्या पुस्तकात लिहिलं होतं का. होतं. चौथ्या पानावर होतं. शेवाळ आणि तारा असलेल्या पाण्यात बोट नेऊ नये असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते मेमध्येच वाचलं होतं आणि स्वतःला सांगितलं होतं की मला अर्थ नीट लागला नसेल. ते मी त्यांना तेव्हा सांगितलं. ते रागावले नाहीत. “तुम्ही सांगतलं असतं तरी म्या आयकलं नसतं,” म्हणाले. त्या बोलण्यानं मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

दिवेलागण उलटून अंधार पडल्यावर कडूबा आला आणि आम्हाला बरडावर घेऊन गेला. हिंमतराव दारात होते, त्यांनी काही विचारलं नाही, एवढं त्यानं सांगितलं. त्यांच्या मंडळी जनकाबाई यांनी पोरांना आधी जेवायला घातलं, मग जावेला जवळ बसवून घेतलं.

सोमवारी अनसूया शाळेत गेली. सत्र अर्धं झालेलं, तरी हेडमास्तरांनी तिला पाचवीत बसवून घेतलं. वर्गात ती सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होती आणि शेवटच्या बाकावर बसायची. सत्यभामाबाई दिराच्या घरी तीन आठवडे राहिल्या. मग त्यांनी स्वतःच मोताळ्याला एक खोली पाहिली आणि अनसूयेला तिथल्या शाळेत घातलं. मला त्यांनी कारण सांगितलं. भाऊजींच्या दारात आमचे हे पाऊल टाकणार नाहीत आणि पोरांना बाप दिसला पाहिजे.

ती खोली म्हणजे एका सुताराच्या घरामागची पडवी होती. वर पत्रा, एक खिडकी, खिडकीसमोर लाकडांची चवड. ज्या बाईच्या स्वयंपाकघरातच अशा दोन खोल्या मावल्या असत्या तिनं तिथं संसार मांडला, शिवणाचं मशीन घेतलं, चोळ्या-परकर शिवले. पंजाबराव बाजाराच्या दिवशी यायचे. ज्वारी, डाळ, तूप घेऊन यायचे, संध्याकाळी डोंग्यासाठी उठायचे. रात्री कधी राहिले नाहीत. राहा असं त्यांना कोणी म्हटलं नाही, आणि घरी चला असं त्यांनीही म्हटलं नाही. एकदा मी गेलो होतो तेव्हा सत्यभामाबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, “मास्तर, मोकळी झाले असं वाटलं होतं. इथं पत्र्याखाली बसून दिवस मोजायलेय मी. पण पोरगी शाळेत गेली की त्या वेळेपुरतं बरं वाटतं.”

पाणी उतरल्यावर बोट इंद्रभाननं बैल लावून काढली. इंजिन त्यानं विकत घेतलं आणि कुठल्यातरी गिरणीला बसवलं. दुसरी बोट पाहायची का, असं पंजाबरावांनी मला विचारलं नाही. मीच पुढल्या वर्षी बदली मागून घेतली.

१९७२ ला पाऊस गेला. धरण आटलं. पुढच्या उन्हाळ्यात मी मोताळ्याला आलो तेव्हा लोक सांगत होते की बरडावर आता चारी बाजूंनी चालत जाता येतं. जुनं गाव उघडं पडलं होतं, चिखलाला भेगा पडल्या होत्या, बाभळींची खोडं सरळ उभी होती. सत्यभामाबाई चालत घरी गेल्याचं मला त्यांच्याकडूनच कळलं. चार वर्षांत त्या पहिल्यांदा गेल्या, दिगंबरला घेऊन. घर झाडून घेतलं, चूल सारवली. पंजाबरावांनी त्यांच्यासाठी विहिरीतलं शेवटचं गढूळ पाणी गाळून ठेवलं होतं. आठ दिवस त्या राहिल्या.

“नवव्या दिवशी उठले आणि निघाले,” त्या म्हणाल्या. “पाणी नव्हतं, कोणी अडवत नव्हतं. हे दारापर्यंत आले. मला वाटलं, आता म्हणतील, राहा. मीही राहिले असते, खोटं कशाला सांगू. पण त्यांनी दिगंबरच्या खिशात भाजलेले हरभरे भरले आणि म्हणाले, ऊन व्हाच्या आत पोचा.”

अनसूया त्या वर्षी नववीत होती. मॅट्रिकला गणितात एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली, आणि पुढं ग्रामसेविका होऊन चिखलीकडं गेली. पंजाबराव बरडावरच वारले, १९७९ च्या डिसेंबरात, पाणी भरलेलं असताना. हिंमतराव आणि कडूबा डोंग्यानं गेले. सत्यभामाबाई मागच्या डोंग्यात होत्या. त्या काठावर उतरल्या तेव्हा कोणीतरी आधाराला हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. भराभर चालत त्या घराकडं गेल्या.